पाटीवरची नावे आणि चिठ्ठीवरची सही : इंटिग्रेटिव्ह इम्युनोथेरपी क्लिनिकमधील डॉक्टर व संशोधक कसे पारखावेत

माझे थोरले मामा पिंपळगाव बसवंतजवळचे द्राक्ष बागायतदार. त्यांच्या फुप्फुसाच्या कर्करोगावर उपचार घेण्यासाठी आम्ही नाशिकमधील एका क्लिनिकमध्ये गेलो, तेव्हा जिन्यापाशी लावलेल्या पाटीवर नऊ जणांची नावे होती आणि प्रत्येक नावापुढे दोन ओळी भरतील इतक्या पदव्या होत्या. पुढील चार महिन्यांत त्या नऊपैकी तिघेच आम्हाला भेटले. औषधाच्या चिठ्ठीखाली होती ती सही या तिघांपैकी कोणाचीही नव्हती, हे तर आमच्या फार उशिरा लक्षात आले. क्लिनिक निवडताना आम्ही जागा पाहिली, खर्च विचारला, ओळखीच्यांची मते घेतली. माणसे मात्र पाहिली नाहीत. ती कशी पाहावीत, कोणत्या कागदावरून पाहावीत आणि कोणते प्रश्न विचारावेत, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

माणसे पारखण्याआधी त्यांचे काम काय आहे हे कळले पाहिजे, आणि इथेच पहिला घोळ होतो. इम्युनोथेरपी म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवणे, असा समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. च्यवनप्राशापासून काढ्यापर्यंत सगळेच प्रतिकारशक्ती वाढवत असल्याने हे औषधही त्याच जातीचे, फक्त महाग, असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात आज सर्वाधिक वापरात असलेली चेकपॉइंट इनहिबिटर औषधे शक्ती वाढवत नाहीत, तर शरीरातील टी-पेशींवर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवर, निसर्गाने बसवलेला ब्रेक सोडवतात. हा ब्रेक सोडवून कर्करोगावर उपचार करता येतो, या शोधासाठी जेम्स अॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ब्रेक सुटलेल्या पेशी कर्करोगावर तुटून पडतात, पण काही रुग्णांमध्ये त्या स्वतःच्याच आतड्यावर, यकृतावर, फुप्फुसावर, थायरॉइडवर, मेंदूतळाच्या पिट्युटरी ग्रंथीवर आणि क्वचित हृदयावरही हल्ला करतात. हा त्रास पहिल्या डोसनंतर होऊ शकतो, सहाव्या महिन्यात होऊ शकतो आणि औषध थांबवल्यानंतरही होऊ शकतो. त्यामुळे अशा क्लिनिकमधील माणसांची खरी परीक्षा सलाईन लावण्यात नसते. सलाईन काढून रुग्ण गावी गेल्यावर ती सुरू होते.

‘इंटिग्रेटिव्ह’ या शब्दाचाही अर्थ नीट लावून घ्यावा. आधुनिक कर्करोग-उपचार चालू ठेवून त्यांच्या जोडीने आहार, योग, मानसोपचार, आयुर्वेद यांची पुराव्याने तपासलेली मदत घेणे हा त्याचा अर्थ आहे. मूळ उपचाराऐवजी दुसरेच काही देणे याला पर्यायी उपचार म्हणतात, आणि ती वेगळी गोष्ट आहे. अमेरिकेत न पसरलेल्या अवस्थेतील स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर पर्यायी उपचार निवडलेल्या २८१ रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी केवळ पर्यायी उपचार निवडले होते, त्यांच्यातील मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या अडीचपट होता. क्लिनिकमधील कोणीही, मग तो कितीही गोड बोलणारा असो, ‘केमो सोडा, आमचे सुरू करा’ असे म्हणाला तर पुढचे प्रश्न विचारण्याचे कारण उरत नाही.

चिठ्ठीपासून सुरुवात करावी

पाटी वाचू नये, चिठ्ठी वाचावी. डॉक्टरांनी आपल्या चिठ्ठीवर, प्रमाणपत्रावर आणि पावतीवर नोंदणी क्रमांक दिला पाहिजे, असा २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे. लेटरहेडवर पाच नावे छापलेली असतील आणि खाली फक्त एक वळवळती रेघ असेल, तर काउंटरवर शांतपणे विचारावे, ‘ही सही कोणाची, आणि त्यांचा नोंदणी क्रमांक कोणता?’ हा प्रश्न विचारायला आपल्याकडे संकोच वाटतो, कारण डॉक्टरांवर अविश्वास दाखवल्यासारखे होईल असे मनात येते. परंतु ज्या डॉक्टरांचे काम चोख असते, त्यांचा शिक्का सहीशेजारीच असतो आणि प्रश्न विचारावाच लागत नाही.

क्रमांक मिळाला की तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर किंवा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोंदवहीत घालून पाहावा. महाराष्ट्रात ही नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते, त्यामुळे नाव सापडणे पुरेसे नाही, मुदतही पाहावी. महिला डॉक्टरांच्या बाबतीत पदवीवरचे माहेरचे नाव आणि पाटीवरचे सासरचे नाव वेगळे असू शकते. नाव जुळले नाही म्हणून लगेच शंका घेऊ नये, क्रमांकावरून शोधावे. वैद्यांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे आणि होमिओपॅथांची त्यांच्या स्वतंत्र परिषदेकडे असते.

यानंतर पदवीकडे वळावे. दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला असलेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच शहरात आहे, आणि अॅलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग अशा सर्व शाखांच्या पदव्या तेच देते. म्हणूनच ‘आरोग्य विद्यापीठाचे एम.डी.’ एवढ्यावरून शाखा कळत नाही. एम.डी. (कायचिकित्सा) ही आयुर्वेदाची रीतसर पदव्युत्तर पदवी आहे आणि तिचा मान ठेवलाच पाहिजे, पण ती पदवी असलेल्या वैद्यांनी चेकपॉइंट इनहिबिटरचा डोस ठरवावा हे योग्य नव्हे. इम्युनोथेरपी ठरवणाऱ्या व्यक्तीकडे साधारणपणे एम.डी. नंतरची तीन वर्षांची डी.एम. किंवा डी.आर.एन.बी. मेडिकल ऑन्कोलॉजी, म्हणजे कर्करोगावरील औषधोपचाराची पदवी, असावी. अनेक ठिकाणी रेडिएशन ऑन्कोलॉजीचे एम.डी. झालेले डॉक्टरही औषधोपचार करतात. एम.सीएच. सर्जिकल ऑन्कोलॉजी ही शस्त्रक्रियेची पदवी आहे. ‘फेलो इन इम्युनो-ऑन्कोलॉजी’ असे लिहिलेले दिसले तर ती फेलोशिप वर्षाची होती की आठवड्याची, आणि ती प्रत्यक्ष रुग्णालयात झाली की लॅपटॉपवर, हे विचारावे. पाटीवर ‘डॉ.’ असलेले एखादे नाव पीएच.डी.चेही असू शकते. अशी व्यक्ती संशोधन विभागाची उत्तम प्रमुख होऊ शकते, परंतु ती औषध लिहून देऊ शकत नाही.

मुंबई-पुण्याहून शनिवारी येणारे तज्ज्ञ ही नाशिकची जुनी रीत आहे, आणि त्यात गैर काही नाही. मात्र ‘आमच्याकडे अमुक डॉक्टर आहेत’ या वाक्यातील ‘आहेत’ म्हणजे नक्की काय, हे विचारून घ्यावे: महिन्यातील कोणत्या दिवशी येतात, रुग्णाला स्वतः तपासतात की फक्त फाईल पाहतात, आणि ते नसताना निर्णय कोण घेते. नाव ‘सल्लागार मंडळा’त असेल तर त्या व्यक्तीने तुमचा रिपोर्ट कधी पाहिलाही नसेल, असे गृहीत धरून चालावे.

वैद्य आणि ऑन्कोलॉजिस्ट एकाच फाईलमध्ये लिहितात का

इंटिग्रेटिव्ह म्हणवणाऱ्या क्लिनिकमध्ये मी सर्वप्रथम फाईल उघडून पाहतो. वैद्यांची वही वेगळी, ऑन्कोलॉजिस्टची फाईल वेगळी आणि आहारतज्ज्ञांचा कागद रुग्णाच्या पिशवीत, अशी स्थिती असेल तर तिथे काहीही एकत्र झालेले नाही. एका छपराखाली तीन दवाखाने चालू आहेत, इतकेच.

याचे महत्त्व गुळवेलीच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता. त्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली आणि तो वाद बराच गाजला. त्या वादात कोणाचे खरे, हा आपला इथला प्रश्न नाही. इम्युनोथेरपी घेणाऱ्या रुग्णाचे एसजीपीटी (यकृताला इजा झाल्यास रक्तात वाढणारा आकडा) अचानक वाढते, तेव्हा ते औषधामुळे सुटलेल्या पेशींनी यकृतावर केलेल्या हल्ल्यामुळे वाढले की काढ्यामुळे, हे ठरवावे लागते. पहिल्या कारणासाठी इम्युनोथेरपी थांबवून स्टिरॉइड सुरू करावे लागते, दुसऱ्यासाठी काढा बंद करावा लागतो. ऑन्कोलॉजिस्टना काढ्याची माहितीच नसेल, तर लाखाच्या घरातला उपचार विनाकारण थांबू शकतो. अश्वगंधा आणि थायरॉइड यांच्याबाबतही असाच गुंता होतो, कारण दोन्हीकडून थायरॉइडचे आकडे हलू शकतात.

म्हणून वैद्यांना विचारावे, ‘या उपचाराच्या काळात तुम्ही काय बंद करायला सांगाल?’ जाणते वैद्य या प्रश्नाचे उत्तर लगेच देतात, कारण त्यांनी तो विचार आधीच केलेला असतो. ‘आपली औषधे नैसर्गिक आहेत, त्यांचा काही अपाय नाही’ हे उत्तर मिळाले, तर त्या वैद्यांना शेजारच्या खोलीत कोणते औषध दिले जाते याची कल्पना नाही असे समजावे. योगशिक्षक, समुपदेशक आणि आहारतज्ज्ञ यांच्याबाबत फारसा काथ्याकूट करण्याची गरज नाही. त्यांची नोंद त्याच फाईलमध्ये तारखेसह असावी आणि त्यांनी औषधे सुचवू नयेत, एवढे पुरेसे आहे.

रात्री फोन कोण उचलते

मामांना तिसरा डोस दिल्यानंतर बाराव्या दिवशी जुलाब सुरू झाले. संध्याकाळपर्यंत सहा वेळा झाले, तेव्हा मामींनी कार्डावरच्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडून स्वागतकक्षातील मुलगी म्हणाली, ‘ओआरएस द्या, उद्या अकराला ओपीडीत घेऊन या.’ त्या मुलीचा यात काडीचाही दोष नव्हता. तिला कोणी शिकवलेच नव्हते, आणि तिच्याजवळ कोणत्याही डॉक्टरांचा रात्रीचा क्रमांक नव्हता. पहाटे तीनला आम्ही मामांना दुसऱ्या रुग्णालयात हलवले. तेथील निवासी डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘आजोबांना इम्युनोथेरपी चालू आहे का?’ हो म्हणताच त्यांनी वरिष्ठांना उठवले आणि स्टिरॉइड सुरू झाले. हा आतड्याचा दाह होता, साधे जुलाब नव्हते. दाह वाढत गेला असता तर आतड्याला छिद्र पडण्यापर्यंत मजल जाऊ शकली असती.

त्या रात्रीनंतर मी कोणालाही क्लिनिक निवडताना एक उपाय सांगतो, आणि तो फुकट आहे. पैसे भरण्यापूर्वी एखाद्या दिवशी रात्री दहानंतर क्लिनिकच्या तातडीच्या क्रमांकावर फोन करावा आणि विचारावे, ‘इम्युनोथेरपी चालू असलेल्या रुग्णाला दिवसात सहा वेळा जुलाब झाले तर काय करायचे?’ कोणी फोन उचलतो का, उचलणारी व्यक्ती डॉक्टर आहे की नाही, आणि नसेल तर ती किती मिनिटांत डॉक्टरांना जोडून देते, एवढ्यावरून त्या क्लिनिकमधील मनुष्यबळाचा अंदाज येतो. दिवसा क्लिनिकमध्ये गेल्यावर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: भरतीची वेळ आली तर रुग्ण कोणत्या रुग्णालयात जाईल, तेथे पोटविकार, फुप्फुस आणि हार्मोनच्या विकारांचे कोणते तज्ज्ञ या क्लिनिकशी बोलत असतात, आणि प्रत्येक डोसपूर्वी यकृत, मूत्रपिंड व थायरॉइडच्या तपासण्या कोण पाहून सही करते. सुरगाणा, पेठ, कळवण या भागांतून येणाऱ्या कुटुंबांनी तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवता येईल असे, औषधाचे नाव, शेवटच्या डोसची तारीख आणि ऑन्कोलॉजिस्टचा क्रमांक असलेले कार्ड मागूनच घ्यावे. घाटात रस्ता बंद असतो, तेव्हा तेच कार्ड उपयोगी पडते.

संशोधन विभाग : नुसता फलक की खरे काम

‘क्लिनिक अँड रिसर्च सेंटर’ असे नाव ठेवण्यावर बंधन नाही, त्यामुळे नावावरून काहीच सिद्ध होत नाही. भारतातील क्लिनिकल ट्रायल्सची नोंदवही, म्हणजे सीटीआरआय, २००७ मध्ये सुरू झाली आणि औषधांच्या चाचण्यांसाठी तेथील नोंद जून २००९ पासून सक्तीची आहे. ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. तेथे क्लिनिकचे, शहराचे किंवा प्रमुख संशोधकाचे नाव घालून शोधावे. नोंद सापडली तर प्रत्येक ठिकाणी प्रमुख संशोधक म्हणून कोणाचे नाव आहे, ती व्यक्ती खरोखर त्या क्लिनिकमध्ये भेटते का, किती रुग्ण घ्यायचे ठरले होते आणि कोणत्या नैतिक समितीने (चाचणीतील रुग्णांचे हित पाहणाऱ्या मंडळाने) मान्यता दिली, हे सर्व तेथे लिहिलेले असते. एप्रिल २०१८ पासून ही नोंदवही फक्त रुग्ण घेण्यापूर्वी केलेली नोंद स्वीकारते. त्यामुळे ‘आमचा अभ्यास चालू आहे, नोंदणी नंतर करू’ हे उत्तर चालण्यासारखे नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: नोंद असणे म्हणजे उपचार गुणकारी ठरणे नव्हे. उपचार गुणकारी आहे की नाही हे अजून कळायचे आहे, म्हणूनच चाचणी चालू असते.

नैतिक समितीबद्दल विचारायला बहुतेक कुटुंबे कचरतात. मार्च २०१९ च्या नव्या औषध व क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार औषध-चाचणीला मान्यता देणारी समिती केंद्रीय औषध नियंत्रकांकडे नोंदलेली असावी लागते, तिच्यात किमान सात सदस्य लागतात, निम्मे सदस्य तरी संस्थेबाहेरचे लागतात, आणि त्यांत एक सामान्य नागरिक, एक स्त्री व एक कायदेतज्ज्ञ असणे आवश्यक असते. अध्यक्षही बाहेरचाच हवा. संस्थेची स्वतःची समिती नसेल तर दुसरी समिती त्याच शहरातील किंवा ५० किलोमीटरच्या आतील असावी लागते. म्हणजे नाशिकच्या एखाद्या क्लिनिकने ‘आमच्या औषध-चाचणीला मुंबईच्या समितीची मान्यता आहे’ असे सांगितले तर नकाशा उघडावा. कसाऱ्याच्या घाटापलीकडची ती समिती या नियमात बसत नाही.

संशोधन-समन्वयकाची भेट अवश्य घ्यावी. ही व्यक्ती पाटीवर नसते, पण चाचणीत रुग्णाचा सर्वाधिक संबंध तिच्याशीच येतो. तिने गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचे, म्हणजे चाचणी रीतसर चालवण्याच्या नियमांचे, प्रशिक्षण कधी घेतले, ते विचारावे. संमतिपत्र मराठीतून द्यायला सांगावे आणि ते तिथल्या तिथे सही करण्यासाठी नव्हे, तर घरी नेऊन वाचण्यासाठी मिळते का हे पाहावे. माझ्या अनुभवात चांगले समन्वयक स्वतःच म्हणतात, ‘घरी घेऊन जा, मुलांना दाखवा, मग या.’ चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई कोण देणार, याचे कलम संमतिपत्रात असते. ते शोधून वाचावे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनासाठी लागणारा, नेहमीच्या उपचाराबाहेरचा खर्च सहभागी रुग्णाकडून घेता येत नाही. एकीकडे ‘हा रिसर्च आहे’ म्हणायचे आणि दुसरीकडे त्याचेच बिल फाडायचे, असे जिथे चालते तिथे संशोधकही संशयास्पद आणि डॉक्टरही.

सर्वाधिक सावधपणा पेशींच्या उपचाराबाबत बाळगावा. रुग्णाचेच रक्त काढून त्यातील पेशी ‘सक्रिय’ करून परत देण्याचे प्रयोग ऐकायला सोपे वाटतात, कारण रक्त आपलेच असते. परंतु पेशींपासून तयार केलेले उत्पादन २०१९ च्या नियमांत नवे औषधच मानले जाते आणि त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते. हे काम रीतसर कसे होते, याचे उदाहरण जवळच आहे: आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार-१९ या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, आणि ती रक्ताच्या ठरावीक कर्करोगांपुरती आहे. क्लिनिकने पेशी-उपचार सुचवला तर पेशी कोणत्या प्रयोगशाळेत वाढवल्या जातात, तेथे जबाबदार व्यक्ती कोण आणि परवानगीचा क्रमांक कोणता, ही तीन उत्तरे लेखी मागावीत.

क्लिनिकने एखादा शोधनिबंध दाखवला तर तो नेमका कोणत्या रुग्णांवर आहे ते पाहावे. टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी २०२२ मध्ये डोके-मानेच्या कर्करोगावरील एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तोंडावाटे देण्याच्या औषधांच्या जोडीला निवोलुमॅब हे चेकपॉइंट इनहिबिटर दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम दिले होते, आणि वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. मिश्री-तंबाखूच्या आपल्या भागात या अभ्यासाचे मोल मोठे आहे, कारण कमी डोस म्हणजे कमी खर्च. रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी यदृच्छया केलेली होती आणि तुलनेला दुसरा गट होता; संशोधकाला पारखायचे ते अशाच कामावरून. पण हाच निबंध पुढे करून कोणी फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या कर्करोगालाही तसाच डोस देऊ लागला, तर तो निबंधाच्या बाहेर गेला, आणि हे त्याने रुग्णाला स्पष्ट सांगायला हवे.

सिस्टर, फार्मासिस्ट आणि कुपी

औषध चढवणाऱ्या सिस्टरना आधीच्या किती रुग्णांना हे औषध दिले ते मोकळेपणाने विचारावे. अनुभवी सिस्टर चढवण्यापूर्वी ताप, खोकला, जुलाब, पुरळ यांची चौकशी स्वतःहून करतात आणि काही खटकले तर डॉक्टर येईपर्यंत हात लावत नाहीत. ही औषधे २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात. औषध मुंबईहून बर्फाच्या डब्यात येत असेल, तर ते कोणी उतरवून घेतले आणि किती वाजता फ्रिजमध्ये ठेवले, याची नोंद फार्मासिस्टकडे असावी. कुपी आपल्यासमोर फोडायला सांगावी, बॅच क्रमांकाचे लेबल फाईलला लावून घ्यावे आणि रिकाम्या कुपीचे काय होते तेही पाहावे. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी कर्करोगाच्या महागड्या औषधांच्या रिकाम्या कुप्या मिळवून त्यांत बनावट द्रव भरून विकणारी टोळी पकडली होती. त्या कुप्या कुठल्या तरी रुग्णालयातूनच बाहेर पडलेल्या होत्या.

एवढे विचारल्यावर क्लिनिकला राग आला, तर कागद मागून घ्यावेत. रुग्णाने मागणी केल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय नोंदी दिल्या पाहिजेत, असे २००२ च्या त्याच आचारसंहितेत म्हटले आहे. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. नोंदींबरोबर बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि गाठीचा तुकडा ज्यात जपलेला असतो तो मेणाचा ब्लॉकही मागावा, कारण दुसऱ्या ठिकाणचे पॅथॉलॉजिस्ट कागदावर विसंबत नाहीत, ते तुकडा पुन्हा पाहतात. परळला टाटामध्ये दुसरे मत घ्यायला निघालात तर ब्लॉक हातातल्या पिशवीत ठेवावा. मामांचा ब्लॉक आम्ही घरी विसरलो होतो, आणि पंचवटी एक्स्प्रेसने केलेली ती फेरी वाया गेली.